साव्वा फिलिपोविचांची संथ आग

आमच्या संस्थेत आगीच्या दोन जाती होत्या. वरच्या तीन मजल्यांवरची आग सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकायची. ती पाहायला माणसं जाड काचेमागे उभी राहायची, धाडकन आवाज व्हायचा, आणि मग पुढचे सहा महिने त्या एका धाडकनवर लेख लिहिले जायचे. तळघरातली आग दिवसाला चार बोटं सरकायची. ती पाहायला काच लागत नव्हती, खुर्ची लागायची.

या तळघरातल्या आगीचे मालक म्हणजे साव्वा फिलिपोविच तेरेखोव. आणि त्या खुर्चीवर बसणारी मी, कापितोलिना येगोरोव्ना, त्यांची प्रयोगशाळा-सहायक. वरच्या मजल्यांवर सगळे मला कापा म्हणायचे. साव्वा फिलिपोविचांनी मात्र कधी पूर्ण नावाखेरीज हाक मारली नाही. फार खूश असले तर नुसतं ‘येगोरोव्ना’ म्हणायचे. असं वर्षातून दोनदा व्हायचं.

ते मूळचे वोलोग्दाकडचे. युद्धात तोफखान्यात होते. डाव्या बाजूला तोफ फुटली आणि तो कान कायमचा गेला. युद्ध संपल्यावर विद्यापीठात गेले, तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं, कशाचा अभ्यास करणार? हे म्हणाले, आगीचा, पण आवाज नको. प्राध्यापकांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. साव्वा फिलिपोविचांनी आयुष्यात थट्टा केली नाही. थट्टा करण्याचं काम त्यांनी आम्हा बाकीच्यांवर सोडलं होतं आणि आम्ही ते नेटाने केलं.

लग्नाचीच गोष्ट घ्या. संगीतशाळेतल्या सेराफिमाकडे ते चार वर्षं दर रविवारी चहाला जायचे. मुरंब्याची वाटी संपवायचे, पावसापाण्याचं बोलायचे, टोपी घालून परत. शेवटी एका रविवारी तिनेच कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, “साव्वा फिलिपोविच, विवाह नोंदणीच्या कचेरीत बुधवारी दुपारी गर्दी नसते.” त्यावर हे म्हणाले, “मीही साधारण त्याच निष्कर्षाच्या जवळ येत चाललो होतो.” हे मला खुद्द सेराफिमाने सांगितलंय, म्हणजे खोटं नसणार.

त्यांचा विषय होता पीट. आमच्या गावाला तीन बाजूंनी दलदल आहे. तिच्यात शेकडो वर्षं कुजलेलं शेवाळ थरावर थर साचलेलं असतं, त्यालाच पीट म्हणतात. वाळलं की कोळशासारखं जळतं, पण ज्वाळेने नाही. आतल्या आत धुमसतं. कोरड्या उन्हाळ्यात दलदल पेटली की अग्निशमनवाले येतात, वरून पाणी मारतात, धूर बसतो, सगळे घरी जातात. आठवड्याने पन्नास पावलं पलीकडून पुन्हा धूर. वर हिरवं गवत आणि खाली जळून पोकळ झालेली जमीन. माणसाने पाय ठेवला की कमरेपर्यंत निखाऱ्यात. हे असं का होतं, ते साव्वा फिलिपोविचांना शोधायचं होतं.

त्यासाठी तळघरात सात मीटर लांबीची लोखंडी डोणी होती, ओलसर पीटने काठोकाठ भरलेली. एका टोकाला तापलेली सळई खुपसून आग लावायची आणि मग वाट बघायची. डोणीत वर आणि खाली अशा दोन ओळींनी तापमानाच्या तारा पुरलेल्या. आग या टोकापासून त्या टोकाला जायला शंभर दिवस लागायचे. वरचे लोक जिन्यात गाठून विचारायचे, “काय कापा, तुमची आग कामावर पोहोचली का? की अजून बसथांब्यावरच आहे?” मी ऐकून घ्यायची नाही. मीही सांगायची, “तुमची तर लागायच्या आतच विझते!”

आता माझ्या टोमॅटोंबद्दल सांगायला हवं. सांगताना अजून माझे कान तापतात.

मार्चपासून आमच्याकडे कुठल्याच घराच्या खिडकीतून बाहेरचं दिसत नाही. टोमॅटोची रोपं दिसतात. बाहेर बर्फ असतं, आणि आत प्रत्येक बाई डब्याडुब्यांत बी पेरून मे महिन्याची वाट बघत असते. माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला. बासष्टच्या हिवाळ्यात माझी बदली काचेची भांडी धुण्यावरून तळघरात झाली, आणि पहिल्याच मार्चमध्ये मला दिसलं की देवाने ही जागा टोमॅटोसाठीच घडवली आहे. डोणीच्या चौथ्या मीटरवर बरोबर दक्षिणेची खिडकी, आणि डोणीतून येणारी मंद ऊब! मी डोणीवर आडव्या फळ्या टाकल्या आणि माझे डबे मांडले. पुढच्या वर्षी हिशेब खात्यातल्या बायका आपले डबे घेऊन आल्या. मग ग्रंथालय. मग एक दिवस विकेंती पाव्लोविच, आमचे उपसंचालक, स्फोटशास्त्रातलं मोठं नाव, बायकोने दिलेलं खोकं छातीशी धरून जिना उतरले आणि म्हणाले, “कापा, एक कोपरा मिळेल का गं? घरून हुकूम आहे.”

डब्यांना खाली भोकं असतातच, नाहीतर मुळं कुजतात. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, हात आखडता न घेता. साव्वा फिलिपोविच रोज त्या डब्यांमधून मान घालून तारांना जोडलेल्या तापमापकांच्या सुया बघायचे. कधी म्हणायचे, “तिसऱ्या खोक्यातली रोपं यंदा जोमात आहेत.” बस. एवढंच त्यांना दिसलं, आणि मला तेवढंही नाही.

त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये आग चौथ्या मीटरपाशी आली आणि दोन्ही ओळींच्या सगळ्या सुया खाली आल्या. आग विझली. साव्वा फिलिपोविच दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, पण यावेळी कळत होतं. बाराव्या दिवशी पाचव्या मीटरवरून धुराची रेघ निघाली. ते माझ्या खोलीवर धावत आले, टोपीशिवाय.

“येगोरोव्ना, ती मेली नाही!”

“कोण?” मी घाबरून विचारलं. मला वाटलं सेराफिमाचं काही झालं.

“आग! तिने बुडी मारली! तारांच्याही खालून गेली, आणि पलीकडे वर आली!”

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. शरद ऋतूत आग लावली की सरळ जायची, वसंतात चौथ्या मीटरवर आली की बुडी. त्यांनी यावर एक सुरेख उपपत्ती रचली. आग आपल्यापुढची वाफ पुढे ढकलते, ती वाफ थंड होऊन ओलाव्याची भिंत तयार होते, आणि वसंतातल्या हवेचा दाब आणि दमटपणा असा काही असतो की ती भिंत वरच्या थरातच बनते. मग आग तिच्याखालून वाट काढते. नऊ वर्षं त्यांनी गणितं मांडली. वरच्या मजल्यांवर तिला ‘तेरेखोवची बुडी’ असं नाव पडलं, आधी चेष्टेने, मग मानाने. मोठ्या डॉक्टरेटचा प्रबंध तयार झाला आणि त्याचं पाचवं प्रकरण या बुडीवर. जिल्ह्याच्या अग्निशमन दलाचे मेजर ग्रेचिन यांनी त्यावरून नियमावलीही करून घेतली: आग वसंतातच बुडी मारते, उन्हाळ्यात नाही. म्हणून उन्हाळ्यात वरून भरपूर पाणी मारल्यावर एका दिवसाने त्या जमिनीवरून माणसं आणि गाड्या न्यायला हरकत नाही.

बहात्तरच्या मे महिन्यात प्रबंधाचा सारांश छापून आला. शंभर प्रती, लिफाफ्यांत घालून देशभर पाठवायच्या. काम अर्थातच माझं. लिफाफे चिकटवता चिकटवता मी चाळत होते. समीकरणं मला कळत नाहीत, पण तळटिपा कळतात. एका तळटिपेत लिहिलं होतं: ‘अपवाद, १९६८ चा वसंत. त्या वर्षी बुडी आढळली नाही. कारण अज्ञात.’

अडुसष्टचा वसंत मी पित्ताशय काढून इस्पितळात पडले होते. त्या वर्षी फळ्यांवर कुणाचीच रोपं नव्हती, कारण पाणी घालणारं कुणी नव्हतं.

मी डोणीच्या नोंदींची वही काढली, तारखा लावून पाहिल्या. फळ्या टाकल्या की बुडी, फळ्या काढल्या की नाही. कसला हवेचा दाब आणि कसलं काय! चौथ्या मीटरवर नऊ वर्षं मी झारी रिकामी करत होते.

खोटं कशाला सांगू, रात्रभर मी गप्प बसायचं ठरवत होते. प्रबंध संस्थेच्या परीक्षक मंडळापुढे मांडायला सहा दिवस उरले होते. सेराफिमाने मेजवानीची यादी केली होती. ते एक्कावन्न वर्षांचे, केस पांढरे, आयुष्यात एकदाच वर चढायला निघालेले. आणि पायरी मी काढून घ्यायची? सकाळी मी तळघरात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला होता. संपल्यावर ते फळ्यांकडे वळले.

“किती पाणी?”

“काय?”

“दिवसाला किती पाणी घालता तुम्ही, कापितोलिना येगोरोव्ना?”

“अहो, तुमचा प्रबंध बुडाला आणि तुम्ही पाणी मोजताय? माझ्यावर ओरडा तरी! एकदा तरी ओरडा!”

“दोन झाऱ्या का तीन?”

“चार!” मी रडत म्हणाले. “उन्हाच्या दिवशी पाच.”

ते खाली बसले, डोणीच्या काठावर. मग चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. आधी मला वाटलं प्रबंधामुळे. नंतर कळलं की त्यांना नियमावली आठवली होती. म्हणजे ऋतूचा संबंधच नव्हता. वरून पाणी मारलं की आग खाली जाते, कुठल्याही महिन्यात. आणि नियमावलीत त्यांनी लिहून दिलं होतं की वरून पाणी मारा आणि खुशाल चाला.

त्यांनी तिथूनच मेजर ग्रेचिनना फोन लावला. मेजरचा आवाज तोफखान्यासारखाच होता, मला तीन पावलांवरून ऐकू येत होता.

“समजलं, साव्वा फिलिपोविच. पण माझ्याकडे तुमच्या संस्थेच्या सही-शिक्क्याचा कागद आहे. दहा जूनला नियमावली जिल्ह्यात वाटायची. थांबवायची तर मला दुसरा कागद द्या. त्याच शिक्क्याचा.”

“मी सांगतोय ना तुम्हाला.”

“तुमच्या सांगण्यावर शिक्का आहे का?”

शिक्का फक्त मंडळाच्या इतिवृत्तावर बसायचा. आणि उन्हाळी सुट्टीआधी मंडळाची एकच बैठक उरली होती, यांच्याच प्रबंधाची, सात जूनला. प्रबंध मागे घेतला तर बैठकच होणार नाही, मग सप्टेंबरपर्यंत कुणी भेटणार नाही. बर्फ वितळल्यापासून पाऊस पडला नव्हता.

“आजारी पडा,” मी म्हटलं. “प्रबंध पुढे ढकला. मेजरला मी जाऊन गळ घालते.”

“तो शिक्का मागेल.”

“मग मी मरेपर्यंत तोंड उघडत नाही. तुम्ही पदवी घ्या आणि मग हळूच नियम बदला.”

“कापितोलिना येगोरोव्ना,” ते म्हणाले, “आपल्याला मंडळ तरी फसेल. आग फसणार नाही.” एवढं बोलून ते चार झाऱ्यांचा हिशेब मांडायला बसले.

सात तारखेला सभागृहात अठरा सदस्य होते. मी शेवटच्या रांगेत. साव्वा फिलिपोविच सेराफिमाने इस्त्री केलेल्या काळ्या सुटात उभे राहिले. पहिली चार प्रकरणं नीट झाली. मग ते म्हणाले, “पाचवं प्रकरण चूक आहे. बुडीचं कारण टोमॅटो.”

मग कुणीतरी फिस्स केलं आणि बांधच फुटला. मंडळाचे अध्यक्ष विकेंती पाव्लोविच स्वतः चष्मा काढून डोळे पुसत होते. साव्वा फिलिपोविच हसणं संपेपर्यंत थांबले. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा कोण होता? मग फळ्यावर आकृती काढली: डोणी, फळ्या, डबे, पाणी किती, किती दिवस, किती खोल. हळूहळू हसू विरलं.

विकेंती पाव्लोविच खाकरले. “रोपं कुणाकुणाची होती, हे इतिवृत्तात यायची गरज नाही, मला वाटतं.”

“चोवीस डबे तुमच्या घरचे होते, विकेंती पाव्लोविच. यावं लागेल. पाण्याचं प्रमाण डब्यांवरून काढलंय.”

“अहो, पण चोवीस?” अध्यक्षांचा चेहरा त्या टोमॅटोंच्या रंगाचा झाला. “बायकोने तर दहाच म्हणून सांगितलं होतं.”

गुप्त मतदान झालं. बारा मतं हवी होती, दहा पडली. सारांशात एक आणि तोंडी दुसरं, हे नियमात बसत नव्हतं. डॉक्टरेट गेली. मेजर ग्रेचिन मात्र चिटणीस बाईंच्या टेबलाशी उभे राहिले आणि इतिवृत्तावरचा शिक्का वाळायच्या आत कागद पिशवीत घालून निघून गेले.

मेजवानी ठरलेलीच होती, अन्न तयार होतं. आमच्याकडे अशा वेळी जेवण फुकट घालवायची पद्धत नाही. अठराच्या अठरा सदस्य आले. कुणी विरोधात मत दिलं होतं ते कुणी विचारलं नाही, पण थरथरत्या मटणजेलीवर सगळ्यांत आधी कोण तुटून पडलं त्यावरून मी ओळखलं. विकेंती पाव्लोविच तोंडात बिटाच्या थराखालचा हेरिंग मासा घोळवत मला समजावत होते, “नियम आहे गं, कापा. माझा नाइलाज होता.”

“घ्या ना अजून,” मी म्हटलं. “नियमात बसतंय तेवढं घ्या.”

साव्वा फिलिपोविच सेराफिमाशेजारी बसून शांतपणे जेवत होते. उठून त्यांनी पेला उचलला आणि म्हणाले, “कापितोलिना येगोरोव्नांनी वही वाचली. त्यांच्यासाठी.” मला तिथून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

त्या उन्हाळ्यात पाऊस आलाच नाही. जुलैपासून दलदल पेटली. धूर इतका की रस्त्यापलीकडची पाव-रोटीची रांग दिसायची नाही, खोकणं ऐकू यायचं. साव्वा फिलिपोविच दोन महिने मेजरच्या माणसांबरोबर होते. पाणी मारलं त्या जागी कुणी पाऊल टाकायचं नाही. आधी लांब सळई खुपसायची, ती गरम लागली तर मागे. खाली वाळू लागेपर्यंत चर खणायचे. माणसं कंटाळायची, शिव्या द्यायची. हे दर दहा पावलांवर सळईला हात लावून बघायचे. त्यांच्या तळहातांवर फोड आले होते आणि सेराफिमा त्यांना कपबशीही धरू देत नव्हती.

सप्टेंबरात पाऊस लागला. दुसऱ्या आठवड्यात मेजर ग्रेचिन तळघरात आले. गणवेश धुतलेला होता, पण भुवयांमध्ये अजून काजळी. बसले नाहीत.

“माझे बेचाळीस जण आत गेले होते,” ते म्हणाले. “बेचाळीस बाहेर आले. दुसरीकडे माणसं जमिनीत गेली, ते तुम्हीही ऐकलं असेल.”

साव्वा फिलिपोविचांनी पेन्सिल घेतली. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस आगीची खोली विचारणार.

“नावं सांगा,” ते म्हणाले.

“कुणाची?”

“बेचाळीस जणांची.”

मेजर माझ्याकडे बघू लागले. मी खांदे उडवले. मग ते स्टुलावर बसले आणि बोटांवर मोजत सांगू लागले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. साव्वा फिलिपोविच एकेक लिहीत होते, न कळलं तर पुन्हा विचारत होते, उजवा कान पुढे करून. एक्केचाळीस झाले. शेवटचं मेजरना आठवेना.

“पंपावरचा नवा माणूस. जुलैतच आला. काय बरं त्याचं… जाऊ द्या हो, एकच तर राहिलाय.”

साव्वा फिलिपोविचांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला.

मेजरनी चौकीला फोन लावला, तिथे कुणी कुणाला तरी हाक मारली, कुणीतरी धावत गेलं. आम्ही तिघे थांबलो. शेवटी पलीकडून उत्तर आलं: सेवेर्यान मोकेयेविच दोल्गिख. साव्वा फिलिपोविचांनी ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि फोड वाळलेला हात वहीवर ठेवला. डॉक्टरेट गेली त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता त्यांचे खांदे हलत होते. त्या क्षणी मला तो माणूस जगातल्या सगळ्या डॉक्टरेटवाल्यांपेक्षा मोठा वाटला, आणि हे त्यांना सांगायचं सुचलं नाही म्हणून मला अजून वाईट वाटतं. मेजर टोपी हातात घेऊन खिडकीकडे तोंड करून उभे होते, आणि मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.